खसखशीचा सरवा

पितृपंधरवडा संपत आला की आमच्या नवीन पनवेलच्या कॉलनीत गोधड्या बाहेर पडतात. गॅलरीच्या कठड्यांवर, गच्चीत, खाली लावलेल्या स्कूटरांच्या सीटवरसुद्धा. ऊन असं कडकडीत पडतं की पावसाळाभर कोंदटलेली गादी दोन तासांत खडखडीत होते. काल सकाळी शेजारच्या पाटणकर वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून माझा रिकामा कठडा बघितला आणि विचारलंच, "काय हो, बरं नाही का? यंदा दसरा नाही काढला?"

"नाही काढला."

"माझी बाई पाठवू का दोन तास?"

"नको. काढायचाच नाहीये."

दुपारी वहिनी वाटीभर खीर घेऊन आल्या आणि जाता जाता माझ्या कपाळाला हात लावून गेल्या. ताप नव्हता.

त्यांचंही काही चुकलं नाही. मी मूळची फलटणकडची. आमच्याकडे घट बसायच्या आधी अख्खं घर धुऊन काढतात, त्याला म्हणतात दसरा काढणं. वहिनी सांगलीच्या, त्यामुळे त्यांना हे सांगावं लागत नाही. माळ्यावरच्या पितळी डब्यापासून पायपुसण्यापर्यंत जे जे म्हणून हलतं, ते पाण्यात जायलाच हवं. लग्न होऊन मी पनवेलला आले त्याला अडतीस वर्षं झाली आणि एकदाही मी दसरा चुकवला नाही. केतकी पोटात होती, सातवा महिना, तेव्हासुद्धा स्टुलावर चढून पंखे पुसले आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. त्या वर्षी सण नव्हता, तरी डबे मी घासलेच. रडत रडत घासले, पण घासले. स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा तिरसटच आहे. शाळेत शिवण शिकवायचे तेव्हा मुली मागे म्हणायच्या, बाईंच्या वर्गात दोरासुद्धा पाय पुसून येतो.

मग यंदा काय झालं? सांगते. गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका एवढ्याशा जीवाचं घर असंच धुऊन काढलं होतं.

तिचं नाव खसखस. माझ्या मुलीची, केतकीची हॅमस्टर. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच कुणी परदेशी भाऊबंद, आणि त्यातली ही ठेंगणी जात. बेसनाच्या लाडवाएवढी. राखी अंग, पाठीवर एक काळी रेघ, पोट पांढरं आणि डोळे म्हणजे दोन मिरी. केतकी घरून काम करायची त्या दिवसांत एकदा संध्याकाळी पिंजऱ्यासकट हिला घेऊन आली. मी दारातच म्हटलं, "अगं, लोक उंदीर घालवायला औषध विकत आणतात, आणि तू उंदीरच विकत आणलास?" पण नाव ठेवलं गेलं, आणि एकदा नाव ठेवलं की मग माणसाचं काही चालत नाही. महिन्याभरात मीच तिच्यासाठी सूर्यफुलाच्या बिया निवडायला लागले.

गेल्या वर्षी जूनमध्ये केतकीला जर्मनीत नोकरी लागली. हिला बरोबर नेणं शक्य नव्हतं. निघायच्या दिवशी बॅगा खाली गेल्या, गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि ही पोरगी पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसलेली.

"आई, ही जात दोनेक वर्षंच जगते गं. ही आत्ताच सव्वा वर्षाची झाली. डिसेंबरात मी येतेय. तोवर सांभाळशील ना?"

"तुला सांभाळलं, हिचं काय एवढं! ऊठ आता, विमान थांबत नाही."

तेवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली होती. बाकी सगळं तीच मला देऊन चालली होती. माझ्या फोनमध्ये तिनं सगळी सोय लावून ठेवली. सोमवारी आणि गुरुवारी किराणा, भाजी दारात. दुधाची पिशवी कडीला. औषधं एक तारखेला. "आई, तुला जिनेसुद्धा उतरायला लागायला नकोत," ती म्हणाली. बोलणं प्रेमाचंच होतं आणि सोयही चोख होती. ऑगस्टात एकदा मी चप्पल शोधायला लागले तर सापडेना, तेव्हा लक्षात आलं की गेले आठ दिवस मी ती घातलेलीच नाही.

एकटं वाटायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सकाळी दहा-साडेदहाला सगळं उरकायचं, आणि मग दिवस असा लांबच लांब पसरलेला. हे होते तेव्हा न्हावा शेव्याहून संध्याकाळी यायचे, शर्टाच्या कॉलरवर ट्रकांची धूळ. आल्या आल्या मी ओरडायचे, "आधी पाय धुवा!" ओरडायलासुद्धा कुणीतरी लागतं हो. मी खसखशीशी बोलायचे. लोणच्याच्या बरणीशी बोलण्यापेक्षा ते बरं. ती दिवसभर झोपायची आणि दिवेलागणीला बाहेर यायची, मग मी तिची वाटी भरायचे. काठोकाठ. बाजरी, ज्वारी, सूर्यफूल, वर केळ्याचा काप, शेजारी गुळाचा खडा. लेकीनं माझ्या हवाली केलेला जीव, त्याला काही कमी पडता कामा नये. पोट भरलं की जीव सुखात, एवढंच मला ठाऊक.

मग आला दसरा. डबे झाले, पडदे झाले, गोधड्या झाल्या, आणि माझी नजर पिंजऱ्यावर गेली. खसखशीला बादलीत ठेवलं आणि पिंजरा मोरीत घेतला. तिच्या लाकडी घरट्याखाली, अगदी कोपऱ्यात, एक ढीग निघाला. ज्वारी वेगळी, सूर्यफूल वेगळं, मध्ये केळ्याचे वाळून कातडं झालेले काप. माझ्या वाटीतलंच सगळं. गालात भरभरून तिनं नेऊन साठवलेलं. मी म्हटलं, "शी! काय ही घाण बाई!" आणि ढीग उचलून केराच्या डब्यात टाकला. कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या कुरतडून तिनं बिछाना केला होता, तोही टाकला. गरम पाणी, वर सढळ हातानं फिनेल, मग गच्चीत ऊन. आत नवीन कागद, आणि मऊ लागावं म्हणून वर कापूस. पिंजरा असा लखलखत होता की मलाच त्यात राहायला जावंसं वाटलं. खसखशीला आत सोडलं आणि म्हटलं, "घ्या बाईसाहेब, तुमचाही दसरा निघाला."

ती आत गेली आणि कोपऱ्यात जाऊन उकरायला लागली. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथेही नव्हतं. मग कडेकडेनं गोल गोल धावायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी गज चावायला लागली. कट, कट, कट. टीव्ही लावला तरी ऐकू यायचं, कुकरची शिट्टी झाली की पुन्हा ऐकू यायचं. मी हात घातला तर माझं बोट फोडलं. आजवर कधी चावली नव्हती. आठवडाभरात तिच्या कुशीवर टिकलीएवढी जागा उघडी पडली. स्वतःलाच चाटून चाटून तिनं केस काढले होते. वाटी मात्र मी भरतच होते. काठोकाठ.

रविवारी केतकीचा व्हिडिओ कॉल. "आई, खसखस दाखव ना."

"झोपलीय गं."

पुढच्या रविवारी मी फोन असा धरला की तिची केसाची बाजू दिसावी. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, नेट बरोबर नाही. तेहतीस वर्षांत मी त्या पोरीशी इतकं खोटं बोलले नव्हते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: ही जर डिसेंबरच्या आधी गेली, तर मी केतकीला तोंड काय दाखवू? आणि केतकी यायचं कारणच जर संपलं तर? हा दुसरा विचार माझा मलाच आवडला नाही, पण आला होता, हे खरं.

शेवटी तिसऱ्या रविवारनंतर तिला चपलांच्या खोक्यात घालून रिक्षानं प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर माझ्या एका बाजूला लॅब्रॅडोर, दुसऱ्या बाजूला बोका, मध्ये मी खोकं उराशी धरून. डॉक्टरीण तरुण होती. तिनं खसखशीला ओंजळीत घेऊन भिंगातून बघितलं.

"काकू, कातडीला काही झालेलं नाही. ही स्ट्रेसमध्ये आहे. खायला कशात देता?"

"वाटीत. भरून."

"आणि ती साठवून ठेवते, ते?"

"ते टाकलं. दसरा काढला ना."

तिला दसरा काढणं ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे बिछाना, साठा आणि घराचा वास, तिन्ही एकाच दिवशी गेलं?"

"फिनेलनं पुसलं," मी हळूच म्हटलं.

"काकू, यांना दिसतं कमी. वासावर घर ओळखतात. तिला वाटलं असेल, कुणीतरी उचलून परक्या घरात टाकलं." ती रागावली नव्हती, उगाच आवाजही चढवला नव्हता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती सांगत गेली. रानात ही जात मैलभर हिंडते. हुंगते, उकरते, एकेक दाणा हुडकून गालात भरते आणि घरी नेते. तेच तिचं जगणं. "तुम्ही वाटी भरून ठेवलीत. दोन मिनिटांत पोट भरलं. मग उरलेला वेळ तिनं काय करायचं? गज चावायचे, अंग चाटायचं. आधी साठा होता, तो तरी नीट लावत बसायची. आता तोही नाही. वाटी काढून टाका."

"उपाशी ठेवू?"

"उपाशी नाही हो. दाणे लपवा. वीतभर खोल कागद आणि वाळलं गवत घाला, त्यात पसरा. शोधू दे तिला. गूळ, केळं बंद, या जातीला गोड बाधतं. कापूसही काढा, पायात अडकतो. आणि पुढच्या वेळी साफ कराल तेव्हा थोडं जुनं तसंच राहू द्या. सगळं कधीच काढायचं नाही."

सगळं कधीच काढायचं नाही. रिक्षात बसले आणि हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय ते आठवेना. उड्डाणपुलाखाली कंटेनरचे ट्रक अडकून पडले होते, रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला, आणि तिथे एकदम आठवलं. माझी आई म्हणायची.

आमच्याकडे भुईमूग निघाला की मालक रान मोकळं सोडायचा. मग बायकापोरं खुरपी घेऊन आत शिरायची. वेल उपटताना ज्या शेंगा तुटून मातीत राहतात त्या हुडकायच्या, जो वेचील त्याच्या. याला म्हणतात सरवा. आई पुढे, मी मागे. ऊन पाठीवर, आणि खाली उकरलेल्या मातीचा गार वास. शंभरदा खुरपं मारावं तेव्हा एक शेंग दिसायची, पण ती दिसली की मी आईला ओरडून दाखवायचे! घरी शेंगांचं पोतं होतं, नव्हतं असं नाही. पण पोत्यातली शेंग आणि सरव्यातली शेंग यांची चव एक नसते. दिवसभर वाकून कंबर धरायची आणि तरी संध्याकाळी आई "चला आता" म्हणाली की मी म्हणायचे, "अजून एक सापडू दे."

एकदा खुरपं एका बिळात घुसलं. आईनं माती ओढली तर आत घुशीनं रचून ठेवलेल्या शेंगा. काय ती रास! मी तर नाचायलाच लागले. आईनं पदर पसरून शेंगा भरून घेतल्या. मग थांबली, पदरातून एक मूठ काढली, परत बिळात ठेवली आणि वर माती सारली. मी म्हटलं, "असं काय गं?" ती म्हणाली, "समदं काढू नये. एक मूठ ठिवायची. तिनंबी कष्टानंच येचल्यात."

आईचं हे मी विसरले कशी? साठ वर्षांत काय काय धुऊन काढलं मी, कुणास ठाऊक.

घरी आले. वाटी काढायची तर आधी गवत हवं. मग गवत कुठून आणायचं? फोनमध्ये शोधलं तर चार दिवसांनी येणार होतं. चप्पल घातली आणि तीन जिने उतरून गेटाशी गेले. तिथे हिराबाय भाजीची पाटी घेऊन बसते. नेऱ्याच्या पलीकडच्या गावातली आगरी बाई, वीस वर्षांची ओळख. फोनवर भाजी यायला लागल्यापासून मी तिच्याकडे फिरकलेच नव्हते.

"कोन, मास्तरीन?" ती ओरडली. "मना वाटला तू गेलीस पोरीबरोबर! चार म्हैने झाले, तोंड नाय दिसला तुजा."

मी ओशाळले. म्हटलं, "हिराबाय, थोडा पेंढा आणि भाताच्या लोंब्या मिळतील का?"

"मिलतील की. तोरन करतेस?"

"नाही गं. उंदराला हव्यात. पाळलेला आहे."

ती जी हसायला लागली, पाटीतली काकडी घरंगळली तरी तिला शुद्ध नाही. "आमी शेतानशी उंदीर हाकलून मरताव, नी तू त्याला घरान बसवून जेवाला घालतेस? धन्य हाय गो बाय तुजी!" पण दोन दिवसांनी पेंढ्याची पेंडी आणि लोंब्यांचा जुडगा घेऊन आली. लोंब्या अजून हिरवट-पिवळ्या होत्या. म्हणाली, "सगला शेत रस्त्यान गेला. एक तुकरा र्‍हायलाय, त्याचा हाय ह्यो. ने." मी लोंब्या नाकाशी धरल्या. पनवेलमध्ये एवढी वर्षं राहून इथल्या भाताचा वास मी पहिल्यांदा घेतला.

मग वाटी काढली आणि माझं काम सुरू झालं. शिवणाच्या टेबलावर पसारा मांडला. वाण्याकडून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले, साडीच्या दुकानातून पुठ्ठ्याचं नळकांडं. पेंढा बारीक कापला, कागदाच्या पट्ट्या केल्या, वीतभर थर घातला. एक एक दाणा खोचत गेले. ट्रेच्या खळग्यात दोन, नळकांड्यात तीन, पेंढ्याच्या तळाशी चार. लोंबी गजात आडवी अडकवली. चिमटीएवढा दाणा लपवायला अख्खी सकाळ गेली.

दिवेलागणीला खसखस बाहेर आली आणि जिथे वाटी असायची त्या जागी जाऊन बसली. नुसती बसली. पुढचे पाय पोटाशी धरून, रिकाम्या जागेकडे तोंड करून. मला बघवेना. दुसऱ्या दिवशीही तेच. आपली वाटी येईल म्हणून बसणारं ते एवढंसं ध्यान बघून वाटलं, चुलीत गेली ती डॉक्टरीण, द्यावी वाटी. उठलेही होते. पण म्हटलं, आजचा दिवस.

तिसऱ्या दिवशी तिनं नाक वर केलं. मिशा थरथरल्या. पेंढ्यात तोंड खुपसलं, मग खांदे, मग सगळीच आत गेली. वर फक्त पेंढा हलताना दिसत होता. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा एक गाल फुगलेला होता. ती तुरुतुरु आपल्या कोपऱ्यात गेली, गालातून दाणा काढला, ठेवला, वर कागद ओढला, आणि लगेच परत निघाली. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. ती भातही सोलते, हे मला माहीतच नव्हतं. लोंबी दोन्ही हातांत धरून दाणा सोलायची, तूस इकडे, तांदूळ गालात. त्या संध्याकाळी गज वाजले नाहीत.

चौथ्या रविवारी केतकीचा फोन आला. मी फोन सरळ उघड्या कुशीसमोर धरला आणि सगळं सांगून टाकलं. वाटी, साठा, फिनेल, तीन रविवारचं खोटं. वाटलं, आता ही रडेल नाहीतर तडकेल. पण ती म्हणाली, "आई, मीपण खोटं बोललेय."

"काय गं?"

"मैत्रिणींबरोबर फिरायला गेले म्हणते ना मी? कुणी नाहीये इथे. ऑफिस सुटलं की खोली. जेवण दारात, सामान दारात. शनिवारी-रविवारी तुझ्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. परवा बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यानं गुड मॉर्निंग म्हटलं तर माझा आवाजच फुटेना."

मला जवळ घेता येईना, पदरानं डोळे पुसता येईनात. काचेपलीकडचं लेकरू ते. मी डॉक्टरणीसारखा आवाज काढला आणि म्हटलं, "वाटी काढून टाक."

"म्हणजे?"

"दारात मागवायचं बंद. चप्पल घाल आणि बाहेर पड. हिंड. काहीतरी हुडकून आण आणि पुढच्या रविवारी मला दाखव."

गुरुवारची माझी भाजीही मी त्याच दिवशी बंद केली. उगाच लेकीला शहाणपण शिकवून आपण कोरडं राहायचं, हे बरं नाही.

तिला सरव्याची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून आमच्या रविवारांचा खेळच झाला. मी जुन्या पनवेलच्या बाजारात बी-बियाण्यांची दुकानं पालथी घालून राळ्याचे बारीक पिवळे दाणे आणले, ते दाखवले. तिनं रस्त्याकडेच्या झाडाखालचे अक्रोड दाखवले. तिथे म्हणे आश्विनात ते खाली पडतात आणि येणारे-जाणारे वेचतात. हिरव्या सालीनं तिची बोटं काळी झाली होती. "आई, सरवा!" ती फोनमध्ये ओरडली. तिच्या गालांना ऊन लागलेलं होतं. एका बाईनं तिला अक्रोड कसे वाळवायचे ते शिकवलं, असं म्हणाली, आणि या खेपेला ते खोटं नव्हतं. दिवाळी सरेपर्यंत खसखशीच्या कुशीवर बारीक लव आली. नोव्हेंबरच्या शेवटी कुठे टक्कल होतं ते मलाच सांगता येईना.

डिसेंबरात केतकी आली. सतरा दिवस. खसखशीनं तिला हुंगलं, दोन मिनिटं हातावर बसली आणि पेंढ्यात निघून गेली. केतकी हसली, "कामात आहेत बाईसाहेब." ते दिवस कसे गेले सांगता येणार नाही, मी मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी मी गेटाशी हिराबायकडे गेले होते तेवढा वेळ ती घरात एकटी होती. आल्यावर बघते तर स्टूल माळ्याखाली. म्हटलं, "काय करत होतीस?" म्हणाली, "काही नाही, धूळ बघत होते." मी म्हटलं, "माझ्या घरात? धूळ?"

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी तांदळाच्या डब्यात हात घातला तर काहीतरी टणक लागलं. अक्रोड. मी पहिल्यांदा खसखशीकडे बघितलं, इतकी माझी बुद्धी. अक्रोड तिच्या डोक्याएवढा! मग पंधरवड्यानं यांच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत एक. मग शिवणाच्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे. मी केतकीला फोन केला, "अगं ए, किती लपवलेत?"

"सांगणार नाही."

"निदान कुठे ते तरी."

"आई, सरवा असा सांगून वेचतात का?"

चैत्रात खसखस गेली. दोन वर्षं भरली होती, तिचा जन्म पुरा झाला होता. सकाळी पेंढ्यात मुटकुळं करून निजलेली सापडली, गालात दोन दाणे. कुठे दुखलंखुपलं असं काही दिसलं नाही. मी आणि केतकी फोनवर पुष्कळ रडलो. हिराबायनं तिच्या पेंढ्यात गुंडाळून तिला आपल्या शेताच्या बांधाला पुरलं. "आमचे शेतान उंदराला जागा देनारी मीच पयली," म्हणाली, आणि डोळे पुसले. पिंजरा मी अजून धुतलेला नाही. कोपऱ्यात तिचा साठा आहे, तिनं लावला तसाच.

आणि परवा केतकीचा फोन आला. या डिसेंबरात तिला यायला जमत नाहीये. सुट्टी नाही, पुढच्या उन्हाळ्यात बघू. मी म्हटलं, "अगं, काम महत्त्वाचं. मी मजेत आहे." मग फोन ठेवला. मजेत नव्हते. काय सांगायचं आणि कुणाला.

आजवर मला नऊ अक्रोड सापडलेत. माझं घर काय ते, दोन खोल्यांचं. दसरा काढायला घेतला, की डबे खाली येतील, घड्या मोडतील, माळा रिकामा होईल, आणि संध्याकाळपर्यंत जे उरलेत ते सगळे माझ्या ओट्यावर येतील. एका दिवसात. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी या घरात काय हुडकू?

पण देवीला धुतलेलं वस्त्र तर लागतंच. म्हणून आज सकाळी तेवढी एक पेटी उघडली. रेशमी वस्त्राची घडी उचलली तर जड लागली. घडीच्या आत बोटांना काहीतरी गोल, खरखरीत लागलं. मी घडी उलगडली नाही. होती तशी पेटीत परत ठेवली, वर दुसरं कापड सारलं, आणि देवीसाठी साधा सुती खण काढला.

आईनं सांगितलंच होतं, एक मूठ ठेवायची.